सिमेंटवाल्याची पोरगी

वनिताताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अधांतरी बसून तर्रीपोहे खात होत्या.

थट्टा नाही करत. वर्ध्याला पिपरी मेघेत त्यांचं ऑफिस होतं, म्हणजे भाड्याचं एक घर आणि त्यामागे मोठं अंगण. नोकरीसाठी अर्ज घेऊन मी फाटकातून आत शिरलो आणि पाहतो तो काय, अंगणात लोखंडी चौकटीवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, वाकड्यातिकड्या ठोकळ्यांचं एक सपाट छत. ना सिमेंट, ना सळई, ना खाली एखादा टेकू. आणि त्या छताच्या बरोब्बर मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून एक बाई बसलेली. मांडीवर लॅपटॉप, हातात पोह्यांची प्लेट. मी सिव्हिलची पदवी घेतलेला माणूस. माझ्या तोंडून "अगागा" एवढंच निघालं.

"प्रफुल का तू? वर ये. शिडी तिकडं हाये."

"मॅडम, पण हे पडलं तर?"

"पडलं त मी पडन. तू खाली उभा नोको राहू म्हणजे झालं."

शिडी चढलो खरा, पण छतावर पाऊल टाकायची हिंमत होईना. शिडीच्या शेवटच्या पायरीवरच लटकून राहिलो. त्यांनी पर्समधून मुठीएवढा लाकडी गोळा काढला, पाचसहा तुकडे एकमेकांत अडकवून केलेला, आणि माझ्या हातात दिला. "काढून पाह्य." मी ओढला, पिळला, आपटायचाच तेवढा बाकी ठेवला. त्या निवांत पोहे खात राहिल्या. शेवटी त्यांनी एका तुकड्याला करंगळीनं ढकललं आणि अख्खा गोळा माझ्या हातात उकलून पडला. मी असा दचकलो की शिडीवरून जायचाच.

"ही चावी," त्या म्हणाल्या. "बाकीचे एकमेकांले धरून ठेवतात अन् चावी सगळ्यायले. बांधताना शेवटी लागते, उकलताना पहिले निघते. उद्यापासून येजो." झाली माझी मुलाखत.

वनिता साटोणे नेमकं काय काम करतात हे मी माझ्या घरच्यांना कधी नीट समजावून सांगू शकलो नाही. तुम्हाला सांगून पाहतो. आपण वीट विटेला सिमेंटनं चिकटवतो. ताई ठोकळ्याला आकारच असा द्यायच्या की शेजारचे त्याला सोडत नाहीत. एक त्याला खाली जाऊ देत नाही, दुसरा वर उठू देत नाही, आणि कडेनं एक मजबूत चौकट सगळ्यांना आवळून बसलेली. एका हॉलच्या छताला असे शेकड्यानं ठोकळे लागतात आणि प्रत्येकाचा आकार थोडा वेगळा. हे माणसाच्या डोक्याचं काम नाही, म्हणून ताईंनी स्वतः प्रोग्राम लिहिला होता. तो प्रोग्राम एकेका ठोकळ्याला जणू विचारायचा, तू निघतोस का? वरून, खालून, बाजूनं, तिरपा? चावी सोडून दुसरा कुठला निघाला की तो पडद्यावर लाल व्हायचा, मग आकार बदलायचा, पुन्हा विचारणं सुरू. ताई जेवणाचा डबा उघडून समोर बसायच्या. एखादा लाल झाला की हातातला घास हातातच ठेवून ओरडायच्या, "निघाला मेला!" पहिल्या आठवड्यात मला वाटलं, उंदीर निघाला.

आणखी एक गोष्ट होती, तीच पुढं सगळ्याच्या मुळाशी आली. प्रत्येक सांध्यात ताई नखाएवढी फट ठेवायच्या. ती चुकून राहिलेली नसायची. प्रोग्राम ती मोजून द्यायचा. मे महिन्यात आपल्याकडे काय ऊन असतं हे वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको. काँक्रिट तापलं की फुगतं. फट असली तर ते फुगून फटीत मावतं. "ठोकळ्याले बी उन्हाळा लागते, बाप्पा," ताई म्हणायच्या. "त्याले अंग पसराले जागा नाई ठेवली त तो शेजाऱ्याच्या उरावर बसन."

बाई हुशार, पण तोंडाला लगाम म्हणून नाही. माझ्या घराची वास्तुशांत होती. भटजी मंत्र म्हणतायत, मी आणि बायको पाटावर, सगळे नातेवाईक जमलेले. ताई आल्या, भिंतीवर हात फिरवला, वर स्लॅबकडे पाहिलं आणि भर पूजेत मला विचारलं, "काऊन प्रफुल, हे पाडाचं झालं त कसं पाडशीन?" भटजी मंत्र विसरले! सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. बायको माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात तणतणत गेलो तर ताईंना आपलं काय चुकलं हेच कळेना. "जे उकलता येत नाई ते बांधाचं कशाले?" त्यांचं हे एकच पालुपद. खोटं गोड बोलणं त्यांना जमतच नव्हतं. आमच्या अर्ध्या कामांचे लोक त्यांच्या या बोलण्यापायी परत गेले असतील.

आता गंमत अशी की ही बिनचिकटवता घरं बांधणारी बाई सिमेंटवाल्याची पोरगी होती. हिंगणघाटच्या बाजारात त्यांच्या बाबांचं सिमेंट-लोखंडाचं मोठं दुकान. आजोबांची तेलघाणी होती, बाबांनी सिमेंट धरलं आणि जम बसवला. साटोणे काका म्हणजे पांढरं धोतर, कपाळाला बुक्का आणि गल्ल्यावर बसूनच सगळ्या बाजाराची खबर. गिऱ्हाइकं चिडवायची, "काय शेठ, तुमची पोरगी तुमचंच दुकान बंद कराले निघाली म्हणते!" काका हसायचे. "अबे, ठोकळे त माह्याच सिमेंटचे हायेत!" ते खरंच होतं. सिमेंट ठोकळ्यात होतं, फक्त सांध्यात नव्हतं. काकांनी ताईंचा एक ठोकळा गल्ल्याशेजारी ठेवला होता. येईल त्या माणसाला तो उचलून पाहायला लावायचे. मुलीनं चाळिशी ओलांडली, लग्न केलं नाही, पण काकांनी त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलेलं मी पाहिलं नाही. रोज दुपारी त्यांचा फोन यायचा. "वनू, जेवली का?" "जेवली, बाबा." बस, एवढंच. कामाबद्दल ते विचारायचे नाहीत आणि ताई सांगायच्या नाहीत.

मग वडनेरची अभ्यासिका आली. वडनेरच्या सरपंच मंदाबाईंना गावातल्या पोरापोरींसाठी हॉल हवा होता. पोलीस भरती, तलाठी, काय काय परीक्षा असतात, घरात अभ्यासाला जागा नसते. ताईंनी तिथं आयुष्यातलं पहिलं मोठं छत टाकलं. आतून पाहावं तर मोठ्या सुपासारखं विणलेलं, वर पावसासाठी वेगळे पत्रे. बाहेरगावचे लोक पाहायला येऊ लागले. गिरडच्या लोकांनाही तसाच हॉल हवा होता, ते दोनदा येऊन माप घेऊन गेले. ताई इतक्या खूश मी कधी पाहिल्या नाहीत. सगळ्यांना पेढे वाटले आणि वर "काढून पाह्य" म्हणून मंदाबाईंच्या हातात तो लाकडी गोळाही दिला.

पण बाजार तो बाजार. दुकानात चिडवणं सुरू झालं. "शेठ, पोरीच्या हॉलले जागोजागी फटी हायेत म्हणे! सिमेंटवाल्याच्या पोरीले सिमेंट नाई भेटलं का?" या खेपेला काका हसले नाहीत. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर!

मे महिन्यात भर दुपारी मंदाबाईंचा फोन आला. "ताईले घेऊन या लवकर. छताचा तुकडा पडला." गाडी मी कशी चालवली मला आठवत नाही. हॉलमध्ये शिरलो तर एका टेबलावर परातीएवढा काँक्रिटचा तुकडा, खाली चेंदामेंदा झालेलं गणिताचं पुस्तक. जिचं पुस्तक ती पोरगी डबा धुवायला हापशीवर गेली होती म्हणून वाचली. बाहेर आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती थरथरत होती.

ताई सरळ छताखाली गेल्या. मी ओरडलो, "ताई, बाहेर या!" ऐकतील तर ना. टेबलावर चढल्या, केसांतली पिन काढली आणि सांध्यात घातली. एरवी ती पिन अख्खी आत जायची, त्या नेहमी तशीच तपासायच्या. आज थोडी गेली आणि अडली. दुसऱ्या सांध्यात घातली, अडली. तिसऱ्यातही. त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यात रक्ताचा थेंब नव्हता.

"प्रफुल, सांध्यात सिमेंट हाये."

"हाव मंग," मंदाबाई दारातून म्हणाल्या. "थंडीत तुमचे बाबाच आलते ना मिस्त्री घेऊन. तुम्ही गावाले गेलत्या तवा. तुम्हीच सांगतलं म्हणे, मजबुती राह्यली पाह्यजे म्हणून."

ताई त्या दिवसांत चेन्नईला भाषणाला गेल्या होत्या. काकांनी आपला मिस्त्री नेला, पत्रे बाजूला केले आणि वरून सगळ्या सांध्यांत सिमेंटचा पातळ घोळ भरून टाकला. खालची कड तेवढी मोकळी सोडली. पोरीचं काम जसं दिसतं तसं दिसावं, फक्त पक्कं व्हावं, अशी बिचाऱ्याची इच्छा. थंडीभर काही झालं नाही. मे लागला, ठोकळे फुगले, पसरायला जागा नाही, एकमेकांच्या कडा चिरडल्या आणि कडेच्या चौकटीलाही तडा गेला.

ताईंनी आधी हॉल रिकामा केला, स्वतः कुलूप लावलं, किल्ली मंदाबाईंना दिली. तिथून आम्ही सरळ हिंगणघाटला निघालो. दुकानाच्या पायरीशी गाडी थांबली तसे काका गल्ल्यावरून हसत म्हणाले, "ये, ये. प्रफुल, बस. चहा सांगतो."

"बाबा, वडनेरच्या सांध्यात घोळ तुम्ही भरला?"

"हाव!" काकांचा चेहरा असा फुलला, देवा! "पाह्यलं का? एकदम पक्कं करून टाकलं. एक नंबरचं सिमेंट वापरलं, कंजुषी नाई केली."

"छत फुटलं, बाबा."

काकांना पहिल्यांदा कळलंच नाही. "भरून बी फुटलं?"

"भरलं म्हणून फुटलं."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हळूच बाहेर सटकली. काका उठून उभे राहिले. "वनू, मी तुह्यासाठीच केलं वं. लोकं हासून राह्यलते."

"लोकं हासत होते त मले विचाराचं होतं. माह्यं नाव सांगून माह्याच छतात घोळ भरला. बाबा, तुमचा माह्यावर जीव हाये. भरोसा नाई." आणि त्या पायरी उतरून गेल्या. मी तिथंच खिळलो. काका माझा हात धरून विचारत होते, "प्रफुल, कोणाले लागलं त नाई ना? खरं सांग." कोणाला लागलं नाही म्हटल्यावर ते मटकन खाली बसले.

पुढची गोष्ट ग्रामसभेची. तोवर सगळीकडे बोभाटा झाला होता. जिल्ह्याचे एक साहेब येऊन पाहून गेले आणि असले प्रयोग खेड्यात नकोत, साधा स्लॅब टाका, असं ठणकावून सांगून गेले. गिरडच्या लोकांनी फोन उचलणं बंद केलं. ताईंनी गप्प बसावं तर ठोकळ्यांचं सगळं कामच बदनाम होऊन बुडणार, बोलावं तर बाजारात इतकी वर्षं कमावलेलं बापाचं नाव जाणार. घरी ताईंची आई रडत होती. काकांचे धाकटे भाऊ म्हणाले, "मिस्त्रीचं नाव सांगून टाक, मोकळी हो." ताई भडकल्याच. "त्यानं सांगतलं ते काम केलं. त्याच्या माथी काऊन मारू?" मीसुद्धा सभेला जाताना रस्ताभर त्यांना विनवत होतो की ताई, निदान 'बांधकामात काहीतरी बिघाड झाला' एवढंच म्हणा, लोक विसरतात. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी झाकलं त लोकं ठोकळ्याले वाईट म्हणतीन, प्रफुल. ठोकळ्याले काही तोंड नाई."

सभेला काका आले होते. पहिल्या रांगेत, पांढरं स्वच्छ धोतर, हातात काठी. माझ्या मनात आलं, यांना वाटतंय की पोरगी सांभाळून घेईल. मलाही तसंच वाटत होतं. आपल्याकडे कुठली लेक भर सभेत बापाला उघडा पाडते?

ताई उठल्या. माईक नको म्हणाल्या. "छताच्या सांध्यात फट मी ठेवली होती, मोजून. उन्हाळ्यात ठोकळ्याले पसराले जागा लागते म्हणून. ती फट माह्या बाबांनी सिमेंटनं भरली. मले न विचारता, माह्यं नाव सांगून. म्हणून छत फुटलं."

मी ताईंकडे बघू की काकांकडे? काका काठी टेकत उठले. कोणाकडे न बघता मधल्या वाटेनं चालत बाहेर गेले. त्यांच्या धोतराचा सोगा एका खुर्चीला अडकला, तो त्यांनी सोडवला आणि गेले. ताई ते बघत उभ्या होत्या. ते दिसेनासे झाल्यावर त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं, आवाज पार चिरकला होता. "अन् बाबांनी भरली याचं कारण मी हाये. जगभर भाषणं देत फिरली, फट काऊन ठेवते ते माह्या घरात मी एकदा बी नाई सांगतलं."

मग मंदाबाई उठल्या. "जे पोरगी सख्ख्या बापाचं झाकत नाई, ते आपल्याशी काय खोटं बोलन? मी म्हणते, हेच छत पुन्हा बांधा. अन् ताईच बांधतीन." हात वर झाले. माझा विश्वास बसेना. ज्या बोलण्यानं आमची कामं जायची, त्याच बोलण्यानं हे परत आलं होतं.

जुनं छत उतरवलं तो प्रकार मला आजही सहन होत नाही. उकलण्यासाठीच केलेलं ते छत, पण घोळानं सगळं एकजीव झालेलं. चावीसुद्धा निघाली नाही. खालून टेकू देऊन एकेक ठोकळा घणानं फोडावा लागला. प्रत्येक घावाला ताईंचे डोळे मिटायचे. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं.

काकांनी ताईंशी अबोला धरला. पण अबोला धरावा तर साटोण्यांनीच! दुपारचा फोन आता मला यायचा. "तिले विचार, जेवली का?" मी विचारायचो. ताई लॅपटॉपमधून मान न काढता म्हणायच्या, "त्याईले सांग, जेवली." मी सांगायचो. "तिले सांग, आईनं लोणचं पाठवलं." "त्याईले सांग, भेटलं." दोघांच्या मधे मी म्हणजे पोस्टमन. नव्या ठोकळ्यांसाठी सिमेंट काकांच्याच दुकानातून यायचं, ट्रकमधली ताजी पोती आधी आमच्याकडे. ताई कधी दुकानात गेल्या तर काका मागच्या गोदामात निघून जायचे. सभेचं नाव काढलं की मला म्हणायचे, "चूप बस," आणि फोन ठेवायचे. असं कितीतरी महिने चाललं. मला वाटायचं, आहेत दोघं, आज नाही तर उद्या बोलतील.

दिवाळी होऊन गेली. ठोकळे सगळे ओतून तयार होते, वडनेरला जोडणी सुरू व्हायची होती. त्या दिवशी सकाळपासून ताई "डोकं ठणकून राह्यलं" म्हणत होत्या. मी चहा आणायला गेलो. परत आलो तर त्यांनी टेबलावर डोकं टेकलेलं. म्हटलं, पडू दे घटकाभर. चहा निवायला लागला म्हणून हाक मारली. ओ नाही. खांद्याला हात लावला आणि त्यांचं डोकं एका बाजूला कललं. मी किंचाळलो. शेजारचे धावत आले. उचलून गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली, काही सांगता येत नाही.

काकांना फोन लावला. "काका, ताईंना दवाखान्यात आणलंय. लवकर या."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग काका म्हणाले, "तिले सांग, मी येऊन राह्यलो. सांग तिले."

मी आत धावलो. काचेच्या दाराशी नर्सनं अडवलं. काका हिंगणघाटहून पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अजूनही मला ते पटत नाही. सकाळी माझ्यावर खेकसलेली बाई दुपारी नाही, हे कसं शक्य आहे? चारचौघांसारखं आजारपण नाही, निरोप नाही. मी कित्येक दिवस ऑफिसचं दार उघडून "ताई" म्हणत आत जात होतो.

मंदाबाईंनी काम थांबू दिलं नाही. ताईंच्या प्रोग्राममध्ये कुठला ठोकळा कधी बसवायचा याचा क्रम होता, त्याप्रमाणे आम्ही जोडत गेलो. जोडणी संपत आली असताना एका सकाळी काका पिपरी मेघेच्या ऑफिसात आले. त्या ऑफिसात ते पहिल्यांदाच येत होते. खुर्चीवर बसले, काठी दोन्ही हातांनी धरली.

"मले ते फट समजावून सांग."

मी ताईंचा लॅपटॉप उघडला. पडद्यावर छत आणलं आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऊन वाढवत नेलं. ठोकळे फुगत गेले, फटी बारीक होत गेल्या, मे महिन्यात जेमतेम मिटल्या, छत शांत. मग फटी भरून दाखवल्या आणि पुन्हा ऊन वाढवलं. सगळ्या कडा लाल झाल्या. काका म्हणाले, "पुन्हा दाखव." मी दाखवलं. "पुन्हा." चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"इतकं सोपं होतं?"

"हो, काका."

"मंग मले काऊन नाई दाखवलं रे तिनं?"

मला राहवलं नाही. आज ते चूप बस म्हणाले असते तरी मी बोललोच असतो. "काका, त्या हेच म्हणाल्या होत्या. सभेत, तुम्ही निघून गेल्यावर. म्हणाल्या, बाबांनी फट भरली याचं कारण मी आहे, घरात मी एकदाही सांगितलं नाही."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "असं म्हणली?" त्यांनी विचारलं. "सगळ्यायसमोर?" मी मान हलवली. त्यांनी काठीवर कपाळ टेकलं.

वडनेरला टेकू काढायचा दिवस आला. बिनचिकटवता छताचे खालचे टेकू निघतात तेव्हाच कळतं की ते उभं राहतंय की नाही. पहिल्या वेळी टेकू काढताना ताई स्वतः छताखाली उभ्या होत्या, मी नको नको म्हणत असताना. ज्यानं छत बांधलं त्यानं खाली उभं राहायचं, असं त्यांचं म्हणणं. आता उभं राहणं माझ्याकडे आलं होतं. गाव बाहेर जमलं होतं. खोटं कशाला सांगू, मागच्या वेळचा तो परातीएवढा तुकडा माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. मी दारातच घुटमळत होतो.

माझ्या बाजूनं काठीचा आवाज झाला. काका आत गेले. बरोब्बर मधोमध जाऊन उभे राहिले.

"काका, बाहेर या!" मी ओरडलो. मंदाबाईही ओरडल्या. मजुरांनी हात आखडले.

"काढा टेकू," काका म्हणाले.

"काका, तुमचं वय झालं, ऐका माझं."

"माह्या पोरीनं बनवलं हाये. काढा म्हणतो ना."

मी आत जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो? मजुरांनी एकेक टेकू सैल केला. छत किंचित खाली बसलं आणि वर सगळीकडे कट्, कट्, कट् असे आवाज होत गेले, ठोकळे एकमेकांना धरताना होतात तसे. मी डोळे मिटून घेतले. बाहेर बायका किंचाळल्या. मग आवाज थांबले. डोळे उघडले तर काका मान वर करून बघत होते, जागचे हलले नव्हते.

लोक आत आले, टाळ्या झाल्या, मंदाबाईंनी नारळ फोडला. शेजारच्या शाळेत जेवणाच्या पंगती बसल्या तसा हॉल रिकामा झाला. काका मात्र भिंतीशी जमिनीवर बसून होते, काठी बाजूला ठेवलेली. मी जाऊन म्हटलं, "काका, चला. जेवून घ्या."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जाय. मी पोरीशी बोलून राह्यलो."

मी बाहेर आलो आणि दार हळूच लोटून घेतलं.